शिक्षकाची श्रद्धा कोठे वाचावी

अध्यापक विद्यालयातून पदविका घेऊन, पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी पार करून, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत आपल्या नावापुढे बुलढाणा जिल्हा आणि पुढे मोताळा तालुका अशी नोंद पाहून जो तरुण राजूर घाट उतरून प्रथमच या मुलखात रुजू होण्यास येतो, त्याच्यापाशी शिक्षणाविषयीची एक तयार श्रद्धावली असते. प्रत्येक मूल शिकू शकते. प्रत्येक मुलाची शिकण्याची गती वेगळी असते. शिक्षक हा ज्ञानदाता नसून सुलभक आहे. घोकंपट्टी त्याज्य आहे. शिक्षण आनंददायी असावे. ही वाक्ये त्याने पदविकेच्या उत्तरपत्रिकांत लिहिली आहेत, त्यांवर गुण मिळविले आहेत, आणि त्यांतील एकही वाक्य असत्य नाही. परंतु ज्या वाक्यावर कोणालाही आक्षेप घेता येत नाही, त्या वाक्यावरून ते उच्चारणाऱ्याचा ठाव लागत नाही. या श्रद्धा त्याच्या ठायी खरोखर आहेत की नाहीत, हे त्याला स्वतःलाही त्या दिवशी ठाऊक नसते. माझे म्हणणे इतकेच की शिक्षकाची श्रद्धा त्याच्या टाचणवहीत किंवा भाषणात शोधू नये; चुकलेल्या उत्तराचे तो काय करतो आणि कोणाच्या उत्तरासाठी तो थांबतो, यांत ती वाचावी.

श्रद्धा ही वैयक्तिक बाब, असे आपण म्हणतो खरे. पण आपल्याकडे शिक्षकाच्या श्रद्धेचा मसुदा बऱ्याच अंशी सरकारी दफ्तरात तयार होतो. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादाचा पुरस्कार केला, 2010 च्या राज्य आराखड्याने तो मराठीत आणला, आणि 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर तो गावोगावच्या शाळांच्या फरशीपर्यंत पोहोचला. फरशीपर्यंत हा शब्द मी जाणून वापरतो. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटात काही शिक्षकांनी दीर्घ परिश्रमाने मुलांना स्वतः हाताळून, मोजून, बोलून शिकू देण्याची जी रीत बसविली, ती पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांच्या तुकड्या गेल्या. परत येताना पुष्कळांनी आपल्यासोबत आणली ती त्या रीतीची बाह्य चिन्हे, म्हणजे फरशीवर रंगविलेल्या अंकपट्ट्या, अक्षरांची वर्तुळे आणि भिंतीवरचे तक्ते. रंग वाईट होता असे नव्हे. पण विचार हुकुमाने पाठविता येत नाही आणि रंग पाठविता येतो, त्यामुळे तपासणीस येणाऱ्याच्या दृष्टीला प्रथम रंगच पडू लागला. मूल्यमापनाचीही तीच गत झाली. 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने निरीक्षणपूर्वक वर्णनात्मक नोंद करावी, हा त्यामागचा हेतू अत्यंत उदात्त. आणि थोड्याच काळात त्या नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात विकावयास आल्या. ज्या मुलाला लेखकाने कधी पाहिलेही नाही, त्याच्याविषयीचे निरीक्षण छापील मिळू लागले. नव्या शिक्षकाची श्रद्धा याच छापखान्यातून आलेली असण्याचा धोका मोठा आहे, आणि म्हणून तिची परीक्षा घेणे हे तिचा अनादर करणे नव्हे.

शिक्षक कसा असावा याविषयी आपल्या भाषिक प्रदेशात ज्यांनी प्रथम नेमके आणि तपासता येईल असे काही सांगितले, त्यांत जोतीराव फुले यांचा मान मोठा आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात ‘प्रत्येक मूल’ वगैरे गोड भाषा शोधूनही सापडत नाही. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गांतून तयार करावेत, कारण ते त्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये. आणि त्यांचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी असू नये, अशी ती मागणी होती. मोताळा ज्यात येतो तो वऱ्हाड त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हता. निजामाकडून 1853 च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला तो मुलूख होता, त्यामुळे जोतीरावांचे निवेदन मोताळ्याला उद्देशून नव्हते. तरीही माझ्या मते मोताळ्यात रुजू होणाऱ्या शिक्षकाने आपल्या श्रद्धावलीच्या शेजारी ते ठेवून वाचावे. जोतीरावांचा प्रश्न भावनेचा नाही, अंतराचा आहे: शिक्षक आणि मूल यांच्या आयुष्यांत किती अंतर आहे, आणि ते तोडण्याची शिक्षकाची तयारी आहे काय? आज या तालुक्यात येणारे पुष्कळ शिक्षक स्वतः शेतकऱ्यांची मुले आहेत. पण शेतकऱ्याच्या मुलाने पदविका घेतली म्हणजे नांगराची मूठ त्याच्या हाती राहतेच असे नाही. किंबहुना ती सुटावी म्हणूनच घरच्यांनी त्याला शिकविलेले असते. नोकरी लागलेला मुलगा मुलांच्या रानातल्या कामाविषयी कधी कधी परक्याहूनही अधिक तुटकपणे बोलतो, कारण त्याला त्या कामापासून दूर जावयाचे असते.

या अंतराचे एक उदाहरण जवळून पाहू. मोताळा तालुक्यातील एका शाळेत चौथीच्या वर्गात गुणाकार चालला होता. फळ्यावर उभ्या मांडणीत बावीस गुणिले आठ हे उदाहरण होते. एका मुलीने खडू घेतला, आठ दुणे सोळा म्हणून सोळा लिहिले, पुन्हा आठ दुणे सोळा म्हणून त्याच्या डावीकडे आणखी सोळा लिहिले, आणि उत्तर म्हणून एक हजार सहाशे सोळा ही संख्या फळ्यावर उभी राहिली. हातचा राहून गेला, असे म्हणून शिक्षकाने डस्टर उचलले असते तर कोणी त्याला नाव ठेवले नसते. पाठ्यपुस्तकात पुढची उदाहरणे वाट पाहत होती. पण दिवस वेचणीचे होते, आणि ही मुलगी सुटीच्या दिवशी आईबरोबर वावरात जाते हे त्याला माहीत होते. त्याने विचारले, ‘‘तुझ्या मायनं बावीस किलो कापूस वेचला आणि भाव आठ रुपये किलो असला, तर मालक किती पैसे देईल?’’ मुलीने फळ्याकडे पाहिलेही नाही. ती म्हणाली, ‘‘वीस किलोचे एकशे साठ, आन् वरच्या दोनाचे सोळा. एकशे शहात्तर, सर.’’ मग शिक्षकाने फळ्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवून विचारले, ‘‘आणि हे?’’ तशी ती हसली आणि म्हणाली, ‘‘येवढे कोन देते?’’

या प्रसंगाचा सोपा अर्थ असा काढता येईल की मुलाला सारे आधीच येत असते, शाळा मात्र ते दाबून टाकते. हा अर्थ मला मान्य नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांच्या हिशेबाचा एक अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला: विक्रीच्या ओघात विचारलेल्या उदाहरणांपैकी सुमारे 98 टक्के त्या मुलांनी बरोबर सोडविली, आणि तीच आकडेमोड शाळेतल्यासारखी कागदावर दिली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे 37 टक्क्यांवर आले. मुले अवघी पाच होती, त्यामुळे या आकड्यांचा डंका पिटणे योग्य नव्हे. परंतु आपल्या चौथीच्या मुलीने जे केले ते जगावेगळे नाही एवढे त्यावरून समजते. मात्र येथे थांबून चालत नाही. वावरातला हिशेब बावीस किलोंसाठी पुरतो. दोनशे सत्तेचाळीस किलोंचा आणि साडेआठ रुपये भावाचा प्रश्न आला की तोंडी रीत दमते, आणि मग उभी मांडणीच हाती असावी लागते. वीस किलोचे एकशे साठ हे जे ती तोंडाने म्हणाली, तेच उभ्या मांडणीत दशकाच्या घरात आठ दुणे सोळा म्हणून येते, म्हणजे ते सोळा नसून सोळा दशक असतात, आणि एककाच्या सोळातला दशक त्यांत मिळवावयाचा असतो. हा दुवा तिला स्वतः होऊन सापडणे कठीण आहे. तो शिक्षकाने दाखवावा लागतो, आणि दाखविण्यासाठी त्याला स्थानिक किमतीचे मर्म स्वतःला नीट उमगलेले असावे लागते. मुलावर विश्वास आहे पण विषय कच्चा आहे, अशा शिक्षकाच्या वर्गात त्या मुलीचे कौतुक होईल, टाळ्या वाजतील, आणि एक हजार सहाशे सोळा तसेच राहतील. नव्या शिक्षकाच्या श्रद्धावलीत विषयज्ञानाचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो, ही मला तिची सर्वांत मोठी उणीव वाटते.

घोकंपट्टीविषयीही चार शब्द बोलणे भाग आहे. जुन्या मराठी शाळेत मुले पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी म्हणत. त्यांतली बहुतेक आता गेली, आणि मापे दशमानाची झाल्यामुळे त्यांपैकी काही गेली हे ठीकच झाले. पण त्यांच्यामागोमाग साधे पाढेही संशयित ठरावेत, हे मला समजत नाही. आपल्या मुलीने आठ दुणे सोळा न अडखळता म्हटले म्हणून तर तिची चूक इतकी स्वच्छ दिसली आणि तिचा उगम सापडला; पाढाच येत नसता तर ती कोठे चुकली हे शोधण्यातच तास गेला असता. अर्थ न समजता पाठ केलेले निरुपयोगी, हे खरे. परंतु अर्थ समजूनही हाताशी पाठ काही नसेल तर विचाराला बसावयास जागा राहत नाही. जो तरुण शिक्षक घोकंपट्टी त्याज्य असे लिहून आला आहे, त्याने पहिल्या वर्षी वर्गाकडून पाढे रोज म्हणवून घ्यावेत आणि आपल्या तत्त्वाला मुरड पडली असे मनाला लावून घेऊ नये. गिजुभाई बधेका यांच्या 1932 सालच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातला प्रयोगशील शिक्षक लक्ष्मीराम हादेखील शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग मागून घेतो तो वर्षअखेरच्या परीक्षेची अट मान्य करूनच. खेळ, गोष्टी आणि नाटके यांची त्याची सारी योजना त्या मुदतीच्या आत उभी राहते, हे त्या पुस्तकाचे गोडवे गाणारे बहुधा विसरतात.

दुसरी कसोटी म्हणजे थांबण्याची. अमेरिकेतील मेरी बड रो या विदुषीने 1970 च्या सुमारास वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून मोजमाप केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने जेमतेम एक सेकंद थांबतो, आणि तेवढ्यात उत्तर आले नाही तर तो दुसऱ्याकडे वळतो किंवा स्वतःच उत्तर देतो, असे तिला आढळले. हा काळ तीन सेकंदांपर्यंत वाढविला तर उत्तरे लांब होतात, निरुत्तर राहणारी मुले कमी होतात, आणि ज्यांना मंद म्हणून बाजूला ठेवले होते तीही बोलू लागतात. याहून मार्मिक गोष्ट अशी की हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी शिक्षक अधिक वेळ थांबत होते. म्हणजे ज्याला वेळ जास्त हवा त्याच्या वाट्याला तो कमी येत होता, आणि हे करणाऱ्या शिक्षकांपैकी प्रत्येकाला विचारले असते तर ‘सर्व मुले समान’ हेच उत्तर मिळाले असते. अपेक्षेने मूल घडते या मताच्या समर्थनार्थ रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा 1968 सालचा ग्रंथ नेहमी पुढे केला जातो: चिठ्ठ्या टाकून निवडावे तशी काही मुले निवडून ती आता झपाट्याने प्रगती करणार असे शिक्षकांना सांगितले, आणि ती खरोखर पुढे गेली. हा वृत्तांत सांगणारे एवढे सांगत नाहीत की स्पष्ट परिणाम मुख्यतः पहिली-दुसरीच्या मुलांत दिसला आणि एकूण निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला. मला त्या वादाचा निर्णय करावयाचा नाही. अपेक्षा ही हवेतून मुलात शिरत नाही. शिरलीच तर ती प्रश्नाच्या, प्रतीक्षेच्या आणि वहीवर लाल शाईने लिहिलेल्या दोन शब्दांच्या वाटेने शिरते, आणि या वाटा मोजता येतात, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मोताळ्याच्या वर्गात या तीन सेकंदांना विशेष किंमत आहे. पाठ्यपुस्तकाची मराठी पुण्याकडच्या वळणाची; मुलाच्या घरची वऱ्हाडी, पश्चिमेकडे जामनेर-बोदवडच्या शेजारामुळे तिला खानदेशी हेल; एखाद्याच्या घरी बंजाऱ्यांची गोरमाटी. ‘मी काल वावरात गेल्तो’ हे मुलाच्या ओठांवर तयार असते. प्रमाणभाषेत ते कसे सांगावे याची जुळवाजुळव करण्यात त्याचा पहिला सेकंद जातो, आणि तेवढ्यात प्रश्न पुढच्या बाकावर पोहोचतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 29 व्या कलमात शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे आणि मुलाला भयमुक्त होऊन आपले मत मांडता यावे असे म्हटले आहे. कायद्याचे हे शब्द वर्गात खरे करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय हाच की मुलाचे उत्तर ज्या बोलीत येईल त्या बोलीत ते आधी स्वीकारावे, पुरते ऐकावे, आणि प्रमाणरूप मागाहून, उत्तराचा मान राखून, शेजारी मांडावे. बोली सुधारण्याच्या भरात उत्तर हरवू देऊ नये.

आणि मूल वर्गातच नसेल तर? कापसाच्या वेचणीच्या दिवसांत हजेरीपट विरळ होतो. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळण्यासाठी घरी राहतात किंवा स्वतःच कपाशीत उतरतात. नवा शिक्षक ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा मारून मोकळा होतो. याच अडचणीला निराळे उत्तर देणाऱ्या ताराबाई मोडक यांचा संसार एके काळी आपल्याच वऱ्हाडात, अमरावतीस होता; पुढे 1945 साली त्यांनी बोर्डीस आणि नंतर कोसबाडास आदिवासी मुलांसाठी जे काम उभारले, त्यात अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी कुरणशाळा चालविली. गुरे चारणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेने कुरणात जावे, इतका साधा तो न्याय होता. प्रत्येक शिक्षकाने नळगंगेच्या काठच्या वावरांत फळा घेऊन जावे असे मी म्हणत नाही. तो उपदेश खुर्चीवरून करणे सोपे आहे. परंतु दोन आठवड्यांनी परतलेल्या मुलीला तिचा राहिलेला भाग कोण, केव्हा आणि कसा शिकविणार, याचे उत्तर ज्याच्यापाशी तयार नाही, त्याने ‘प्रत्येक मूल शिकू शकते’ हे वाक्य काही काळ उच्चारू नये.

जुने शिक्षक हे सर्व ऐकून हसतील, आणि त्यांच्या हसण्यात तथ्य नाही असे नाही. त्यांचे म्हणणे असे की ही सारी उमेद पहिल्या वर्षाची. पुढे पोषण आहाराचा तांदूळ, दाखल-खारीज रजिस्टर, ऑनलाइन माहिती, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते आणि निवडणुकीच्या याद्या यांतून श्रद्धेला फुरसत मिळत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांस शिक्षक जुंपण्यास मनाई केली. पण शाळेच्याच नावाने येणारे अहवाल त्या मनाईत बसत नाहीत, आणि दिवस खातात ते हेच. शिवाय पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. 2000 साली ही पद्धत आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकास दरमहा 3,000 रुपये मिळत. 2023 पासून 16,000 मिळतात. घर दूरच्या जिल्ह्यात, खोली भाड्याची, आणि मन बदलीच्या यादीत. अशा स्थितीत माणसाकडून साने गुरुजी होण्याची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. आणि जाता जाता सांगावेसे वाटते की साने गुरुजी स्वतः अमळनेरच्या शाळेत 1924 ते 1930 अशी सहाच वर्षे शिक्षक होते. आयुष्यभराच्या त्यागाची प्रतिज्ञा नव्या शिक्षकाने करू नये. वर्गात आज मागच्या बाकावरील कोणाला प्रश्न विचारला, आणि त्याच्या उत्तरासाठी मी थांबलो काय, एवढे रोज दोन ओळींत लिहून ठेवण्यास मानधन आड येत नाही आणि बदलीही आड येत नाही.

मात्र या दोन ओळी वाचणारे कोणी असावे. म्हणून केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी यांना विनंती अशी की नव्या शिक्षकाच्या शाळेस भेट द्याल तेव्हा टाचण आणि फरशीवरचा रंग यांवरून शेरेबुकात शेरा लिहून परत फिरू नका. मागच्या बाकावर एक तास बसा. कोणकोणत्या मुलांना प्रश्न विचारले गेले त्यांची नावे कागदावर टिपा, कोणाला एकदाही विचारले गेले नाही तीही टिपा, चुकलेल्या उत्तराचे पुढे काय झाले ते लिहा. आणि जाण्यापूर्वी तो कागद कोणताही शेरा न मारता त्या शिक्षकाच्या हाती द्या.